वेलच्या उतारावर सायकलवाटा आणि एल्कची वीण: एक प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात, डेनव्हरपासून पश्चिमेला साधारण शंभर मैलांवर, रॉकी पर्वतरांगेत वेल नावाचं गाव आहे. उंची समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरच्या आसपास. डिसेंबर १९६२ मध्ये इथे स्की रिसॉर्ट सुरू झालं, १९८० मध्ये शेजारी बीव्हर क्रीक उभं राहिलं आणि मेंढरांच्या चरणीचं खोरं पर्यटनावर जगू लागलं. बर्फ गेल्यावर डोंगर रिकामा पडायचा. ती पोकळी पुढे माउंटन बाइकने भरून काढली. १९९४ आणि २००१ अशी दोनदा या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा वेललाच भरली होती. आता इथे सायकल चालवणं हा पाहुण्यांसाठीचा खेळ उरलेला नाही, गावकऱ्यांच्या रोजच्या जगण्याचा तो भाग झाला आहे. कामावरून सुटलं की दोन तास डोंगरात जाऊन यायचं, ही इथली साधी रीत आहे.

याच डोंगरात एल्क राहतात. आपल्या सांबरापेक्षा अंगाने बरंच थोराड असं हे हरीण: मादीच सव्वादोनशे किलोंच्या घरात जाते, नर तीनशेच्या पुढे. राज्याच्या वन्यजीव खात्याने शिकारीच्या नियमनासाठी सगळ्या प्रदेशाचे क्रमांकवार विभाग पाडले आहेत. वेलचा भाग त्यात ४५ क्रमांकाचा. हिवाळ्यात, बर्फाच्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर जनावर उठून दिसतं तेव्हा, हवेतून मोजणी होते. या विभागात एके काळी हजाराच्या वर एल्क मोजले जात. फेब्रुवारी २०१९च्या मोजणीत दिसले ५३.

हवाई मोजणी त्या दिवसाच्या बर्फावर, उन्हावर, जनावरं झाडीत आहेत की उघड्यावर यावर अवलंबून असते, त्यामुळे एकट्या ५३ या आकड्यावर सगळा निवाडा टांगणं बरोबर नाही. हजार आणि ५३ यांच्यातलं अंतर मात्र ढगाळ हवेने पडत नाही. शिवाय घट कशी होऊ शकते, याचा प्रयोग याच डोंगरात आधी झालेला होता. वेलचं प्रकरण अभ्यासण्याजोगं आहे ते यामुळे. धोक्याची घंटा वाजली होती, तीही नेमक्या याच जागी, आणि तरी पुढची वीस वर्षं वाटांवरची वर्दळ वाढतच गेली. अशा जागी सायकलींसाठी आणखी नव्या वाटा बांधाव्यात का, हा मूळ प्रश्न.

मधला पट्टा

वेलची भूगोलरचना समजल्याशिवाय हा पेच कळत नाही. खोऱ्याच्या तळाशी गोर क्रीक ओढा, त्याला लागून आय-७० हा महामार्ग, आणि दोन्ही बाजूंना हॉटेलं, घरं, गोल्फचं मैदान. महामार्गाला वन्यप्राण्यांसाठी उंच कुंपण आहे. त्यामुळे अपघात टळतात, पण एल्कच्या जुन्या येण्याजाण्याच्या वाटाही तुटतात. वर, डोंगरमाथ्याकडे, दोन संरक्षित रानं आहेत: १९७६ मध्ये घोषित झालेलं ईगल्स नेस्ट आणि १९८० मधलं होली क्रॉस. अमेरिकेच्या १९६४च्या वाइल्डरनेस कायद्याने अशा रानांत यांत्रिक वाहतुकीला बंदी आहे आणि सायकल त्यात मोडते. तिथे पायी जा, घोड्यावर जा. सायकल चालणार नाही.

तळ माणसांनी भरलेला आणि माथा कायद्याने बंद, म्हणजे सायकलवाटेसाठी उरतो तो मधला पट्टा. अॅस्पेनची झाडं, मधेच सेजब्रशची खुरटी झुडपं, गवताची कुरणं असा हा उतार. एल्कला हिवाळ्यात आणि वसंतात नेमका हाच पट्टा लागतो. उन्हाळ्यात ते माथ्याकडच्या हिरवळीवर जातात, पण बर्फ पडू लागला की वर खायला काही राहत नाही आणि कळप खाली उतरतात. महामार्गाच्या उत्तरेकडचे उतार दक्षिणेला तोंड करून आहेत. त्यांच्यावर ऊन सरळ पडतं, बर्फ लवकर वितळतं, पहिलं गवत तिथेच फुटतं. चार-पाच महिने साठवलेल्या चरबीवर काढलेल्या गाभण माद्यांना एप्रिलमध्ये ते गवत म्हणजे जीव की प्राण.

आणि सगळा हिवाळा घरात सायकल पुसत बसलेल्या माणसाला एप्रिलमध्ये पहिली कोरडी वाट कुठे मिळते? त्याच उतारावर. मला या प्रकरणातली सर्वात बोलकी गोष्ट हीच वाटते. दोघांनाही एकच उतार हवा आहे, आणि तोही त्याच आठवड्यांत. कुणाचा हेतू वाईट नाही. एकाच उन्हाने दोघांना तिथे आणून सोडलं आहे.

पाडस दिसत नाही म्हणून

मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत एल्कच्या माद्या वितात. विण्याआधी मादी कळपातून वेगळी होते आणि झाडी व कुरण यांच्या सीमेवरची एखादी आडोशाची जागा धरते. पाडस जन्मतं तेव्हा पंधरा-सोळा किलोंचं, तांबूस अंगावर पांढरे ठिपके. पहिले दोन-तीन आठवडे त्याचं संरक्षण एकाच गोष्टीत असतं: हलायचं नाही. ते मान जमिनीला चिकटवून झुडपात पडून राहतं. अंगाला वासही फारसा नसतो. आई मुद्दाम दूर चरते आणि दिवसातून काही वेळा येऊन पाजून जाते.

आता त्या उतारावरून कुणी आलं तर काय होतं? आई चरताना मान वर करते, कान वळवते, उभी राहते आणि चालू लागते. पाडस जागचं हलत नाही. येणाऱ्याला ना आई दिसते, ना पाडस. तो घरी जाऊन अगदी प्रामाणिकपणे सांगतो की मी तर कुणालाच त्रास दिला नाही, एक जनावरसुद्धा दिसलं नाही. मात्र आईची पाजायची वेळ हुकलेली असते. ती परत आली तर कदाचित पाडसाला उठवून दुसऱ्या, अनोळखी जागी नेते, आणि चालतं पाडस कोयोटीच्या (कोल्ह्या-लांडग्याच्या जातीतला तिकडचा शिकारी प्राणी) आणि अस्वलाच्या नजरेत लपल्या पाडसापेक्षा फार लवकर येतं. एकदा असं झालं तर काही बिघडत नाही. प्रश्न आहे तो किती वेळा झालं, याचा.

कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीचे प्राध्यापक बिल आल्ड्रेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात नेमकं हेच मोजलं, आणि तेही वेल-बीव्हर क्रीकच्याच परिसरात. काही माद्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर होते. विणीच्या हंगामात माणसं चालत त्यांच्या दिशेने जात. मादी उठून चालू लागली की एक व्यत्यय धरायचा. बंदूक नाही, कुत्रा नाही, आरडाओरडा नाही. नुसतं चालत जाणं. तुलनेसाठी दुसऱ्या एका भागातल्या कळपाला कुणी हात लावला नाही. असे अनेक व्यत्यय सोसलेल्या माद्यांच्या मागे उन्हाळ्याअखेरीस पाडसं ठळकपणे कमी दिसली. दुसऱ्या भागात तशी घट नव्हती. संशोधकांनी गणित मांडलं: विणीच्या हंगामात प्रत्येक मादीमागे नेहमीपेक्षा साधारण दहा व्यत्यय वाढले, तर कळपाची वाढच थांबेल. हा निबंध २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

२००५ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षा मोलाचा आहे. व्यत्यय थांबवल्यावर त्याच माद्यांच्या मागे पाडसांचं प्रमाण पुन्हा पूर्वीच्या पातळीवर आलं. म्हणजे नुकसान भरून निघू शकतं, आणि त्यासाठी नवं रान उभं करावं लागत नाही, की दुसरीकडून जनावरं आणून सोडावी लागत नाहीत. काही आठवडे माणसाने तिथे न जाणं पुरतं. वन्यजीव रक्षणात इतका स्वस्त आणि इतका स्पष्ट उपाय क्वचितच हाती लागतो.

दहा व्यत्यय म्हणजे किती? प्रयोगात ते ठरवून, मोजून केलेले होते. वेलच्या लोकप्रिय वाटेवर जूनमधल्या एका शनिवारी सकाळपासून दुपारपर्यंत किती माणसं जातात, याचा विचार केला की आकड्याची जाणीव होते. २०१९ मध्ये आलेल्या वृत्तांनुसार वेलजवळच्या वाटांवरची वर्दळ २००९च्या तुलनेत दुपटीहून वाढली होती, काही वाटांवर वर्षाला एक लाख सत्तर हजारांपर्यंत माणसं नोंदली जात होती आणि काही भागांत रात्रीची ये-जासुद्धा दशकभरात तीस टक्क्यांनी वाढली होती. रात्रीचा आकडा मला जास्त टोचतो. जनावर दिवसा माणसाला चुकवतं ते रात्रीच्या भरवशावर. हलक्या, प्रखर दिव्यांनी सायकलस्वाराला रात्र खुली झाली आणि एल्कची ती शेवटची सवलतही गेली.

कोण जास्त वाईट

असा विषय निघाला की चर्चा हमखास एका वळणावर अडते: सायकलवाले जास्त त्रास देतात की चालणारे? कुत्रे सोडणारे की घोडेवाले? यूटामधल्या अँटिलोप आयलंड या बेटावर २००३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास इथे आठवतो. संशोधकांनी बायसन, म्यूल डिअर आणि प्राँगहॉर्न या प्राण्यांवर चालणाऱ्यांचा आणि सायकलस्वारांचा परिणाम तपासला. दोघांत फारसा फरक आढळला नाही. सोबत त्यांनी वाटांवरच्या ६४० लोकांना प्रश्न विचारले. निम्म्यांना वाटत होतं की माणसांच्या अशा फिरण्याने प्राण्यांवर वाईट परिणाम होत नाही. आणि परिणामाची जबाबदारी कुणाची म्हटल्यावर लोकांचा कल आपला गट सोडून दुसऱ्या गटाकडे बोट दाखवण्याकडे होता.

एल्कच्या बाबतीत मात्र थोडा फरक दिसलेला आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. ओरेगन राज्यात स्टार्की नावाचं प्रायोगिक वन आहे, भोवती उंच जाळीचं कुंपण असलेलं. तिथे एल्कच्या गळ्यात आणि फिरणाऱ्या माणसांकडेही जीपीएस देऊन दोघांतलं अंतर मोजलं गेलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एल्क पायी चालणाऱ्यांपासून आणि घोडेस्वारांपासून सरासरी साडेपाचशे मीटर, सायकलींपासून साडेसहाशे मीटरच्या पुढे, आणि एटीव्ही म्हणजे मोटारच्या चारचाकी गाड्यांपासून पावणेनऊशे मीटरच्या घरात अंतर राखून होते.

या आकड्यांचं एक वाचन असं: सायकल पायी चालण्यापेक्षा वाईट. दुसरं वाचन असं, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं: नुसतं शांतपणे चालणाऱ्या माणसालाही एल्क अर्धा किलोमीटर चुकवतो. वाट जमिनीवर हातभर रुंद असते. एल्कच्या दृष्टीने ती एक किलोमीटर रुंद असते.

सायकलची खरी वेगळी बाजू तिच्या वेगात आणि पल्ल्यात आहे. दोन तासांत चालणारा जितकं रान ओलांडतो त्याच्या तिप्पट-चौपट सायकलस्वार ओलांडतो, त्यामुळे तेवढ्याच वेळात जास्त जनावरांना उठवतो. शिवाय सायकल वळणावरून अचानक आणि आवाज न करता येते. कोलोरॅडोत आता ग्रिझली अस्वल नाही, पण मोंटानात ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाजवळ जून २०१६ मध्ये वनखात्याचा एक अधिकारी सुट्टीच्या वेळी सायकल चालवताना वळणावर ग्रिझलीला थेट धडकला आणि अस्वलाच्या हल्ल्यात त्याचा जीव गेला. चौकशीत दिसलं की अस्वल नजरेस पडण्यापासून धडक होईपर्यंत त्याच्या हाती एक-दोन सेकंदच होते. वाट आखताना दाट झाडीत आंधळी वळणं नकोत, हा धडा माणसांसाठीही आहे.

फाटक आणि त्याच्यापाशी उभा माणूस

वेलमध्ये काहीच केलं गेलं नाही, असं नाही. गावाच्या उत्तरेकडच्या उतारावरच्या नॉर्थ ट्रेल आणि तिला जोडलेल्या वाटा १५ एप्रिल ते २० जून बंद असतात. दक्षिणेकडे टू एल्क नावाची वाट ६ मे ते १ जुलै बंद. बंद म्हणजे सगळ्यांना बंद: सायकल, पायी, घोडा, कुत्रा. ही जमीन व्हाइट रिव्हर राष्ट्रीय वनाची, आणि अशा बंदीचा भंग केला तर कायद्याने पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

तारखा कागदावर चोख आहेत. पण वाटेच्या तोंडाशी जाऊन पाहिलं तर पूर्वी काय असायचं? एक खांब, त्यावर एक कागद. मेच्या दुसऱ्या आठवड्यात स्वच्छ ऊन पडलेलं, वाट कोरडी ठणठणीत, आणि जूनच्या विसाव्या तारखेला अजून सव्वा महिना बाकी. बाहेरगावहून आलेल्या माणसाच्या मोबाइलच्या नकाशावर वाट उघडी दाखवते. तो कागद न वाचताच पुढे जातो. त्याच्या चाकाचा ताजा माग दुसऱ्याला दिसतो आणि दुसराही जातो. वनखात्याकडे एवढ्या मोठ्या रानासाठी मोजके रेंजर. व्हाइट रिव्हर हे अमेरिकेतल्या सर्वाधिक पर्यटक येणाऱ्या राष्ट्रीय वनांपैकी आहे. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी सरकारी माणूस उभा करणं शक्यच नाही.

इथे पुढे आली ती सायकलवाल्यांचीच संघटना. वेल व्हॅली माउंटन ट्रेल्स अलायन्स ही संस्था मुळात सायकलस्वारांनी काढलेली, वाटा बांधणारी आणि दुरुस्त करणारी. तिने वनखातं आणि स्थानिक प्रशासन यांच्यासोबत स्वयंसेवक उभे करायला सुरुवात केली. बंदीच्या काळात, सुट्टीच्या दिवशी, हे लोक वाटेच्या तोंडाशी थांबतात, येणाऱ्याला एल्कच्या विणीबद्दल सांगतात आणि आज कुठली वाट उघडी आहे तिकडे पाठवतात. सोबत आडवी लोखंडी फाटकं आली, ठळक फलक आले आणि कोण घुसतंय ते टिपणारे कॅमेरे आले.

मला यात मोलाचं वाटतं ते हे की फाटकापाशी उभा माणूस स्वतः सायकलवाला आहे. 'मलाही जायचंय, पण आत्ता नाही' असं तो म्हणतो तेव्हा त्याचं ऐकलं जातं. तेच गणवेशातल्या माणसाने सांगितलं तर वाद होतो. आणि 'दुसरी वाट उघडी आहे' हे वाक्य त्याच्या खिशात असायला हवं. पर्याय न देता नुसती बंदी घातली की माणूस फाटकाला वळसा घालून जातो.

कोलोरॅडोत असा कालबद्ध निर्बंध नवा नाही. झडलेली शिंगं गोळा करायला लोक कडाक्याच्या हिवाळ्यात रानात शिरून दमलेल्या कळपांना पळवत. म्हणून २०१८ पासून राज्याच्या पश्चिम भागातल्या सार्वजनिक जमिनीवर १ जानेवारी ते ३० एप्रिल शिंगं उचलायला बंदी आहे. गनिसनजवळच्या हार्टमन रॉक्समध्ये, जिथे सायकलवाटांचं मोठं जाळं आहे, तिथल्या काही भागात सेज ग्राउस या दुर्मीळ पक्ष्याच्या विणीसाठी वसंतात बंदी असते आणि उरलेला भाग त्याच वेळी खुला असतो. आपल्याकडे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात काजवे पाहायला गर्दी लोटते ती मेअखेर आणि जूनमध्ये, म्हणजे नेमकी त्यांच्या मीलनाच्या दिवसांत. गाडीचे दिवे आणि विजेऱ्या घेऊन आपणही तिथे त्याच आठवड्यांत पोहोचतो. तेव्हा दिनदर्शिका पाहायची गरज फक्त कोलोरॅडोला आहे, असं नाही.

नव्या वाटेचं गणित

आता मूळ प्रश्न. असलेल्या वाटांवर एवढी गर्दी आहे, तर नव्या वाटा बांधून ती पांगवावी का? सायकलवाल्यांचा हा युक्तिवाद पोकळ नाही. मागणी असताना वाट दिली नाही तर चोरवाटा पडतात. रातोरात कुणीतरी फावडं घेऊन उतारावर वाट काढतो. तिला ना पाण्याचा निचरा, ना विणीच्या जागेचा विचार, ना बंदीचं फाटक. अधिकृत, नीट आखलेली वाट त्याहून केव्हाही बरी.

पण 'पांगवणं' हा शब्द माणसांच्या बाजूने चांगला वाटतो, एल्कच्या बाजूने तो धोक्याचा आहे. एक हिशोब मांडून पाहू. वाटेच्या दोन्ही बाजूंना पाचशे-पाचशे मीटर एल्क चुकवतो असं धरलं, तर सरळ दहा किलोमीटरची एक वाट सुमारे दहा चौरस किलोमीटर रान निकामी करते. तीच दहा किलोमीटरची वाट घड्या घालून, वेटोळी करून, एक किलोमीटर लांब आणि एक किलोमीटर रुंद अशा तुकड्यात बसवली, तर बाधित रान चार चौरस किलोमीटरच्याही आत राहतं. लांबी तीच, चढ-उताराची मजा बरीचशी तीच, आणि एल्कच्या वाट्याला सहा चौरस किलोमीटर जास्त. त्यातही ही वेटोळी आधीच गजबजलेल्या जागेला, म्हणजे रस्ता, वाहनतळ किंवा जुनी वाट यांना चिकटून असली, तर तिच्या पट्ट्याचा मोठा भाग आधीच बाधित असलेल्या रानावर पडतो आणि नवं नुकसान आणखी कमी होतं.

यात सायकलस्वार काही गमावतो, हे मान्य करायला हवं. डोंगराच्या धारेवरून मैलोन्‌मैल एकट्याने जाण्याचा जो आनंद आहे, तो गावाजवळच्या वेटोळ्यांत मिळत नाही. मला तो आनंद खोटा किंवा क्षुल्लक वाटत नाही. पण तीच धार एल्कची शेवटची निवांत जागा असेल, तर तिच्यासाठी दुसरी धार शोधता येत नाही. सायकलस्वाराला गावाजवळ पर्याय देता येतो.

कोलोरॅडोच्या पार्क्स अँड वाइल्डलाइफ खात्याने २०२१ मध्ये वाटा आखणाऱ्यांसाठी एक मार्गदर्शिका काढली. संवेदनशील अधिवासात दर चौरस मैलामागे वाटांची एकूण लांबी एका मैलाच्या आत ठेवावी, ही त्यातली मुख्य शिफारस. यात मोजला जातो तो एकूण भार: जुन्या वाटा, नव्या वाटा, रस्ते, सगळं मिळून. वेलमध्ये नेमकं हेच आधी झालं नव्हतं. प्रत्येक वाट वेगळी मागितली गेली, वेगळी तपासली गेली आणि प्रत्येकीबद्दल 'एकट्या या वाटेने फार फरक पडणार नाही' असं म्हणता आलं. ते प्रत्येक वेळी खरंही होतं. एल्कला मात्र सगळ्या वाटा एकाच वेळी सोसाव्या लागतात.

उत्तरेला स्टीमबोट स्प्रिंग्जमध्ये याच प्रश्नाची मोठी आवृत्ती घडली. तिथल्या मतदारांनी २०१३ मध्ये हॉटेलांवरच्या कराचा पैसा वाटांसाठी वापरायला मंजुरी दिली. पैसा हाती आला आणि मॅड क्रीकपासून रॅबिट इअर्स घाटापर्यंत वाटांचं जाळं आखलं गेलं. त्या भागात राज्यातल्या सर्वात मोठ्या कळपांपैकी एकाचा वावर आहे. वन्यजीव खात्याने आणि स्थानिक मंडळींनी आक्षेप घेतले, वर्षानुवर्षं बैठका झाल्या. पुढे २०२२ मध्ये वनखात्याने मांडलेल्या प्रस्तावात सुमारे ४९ मैल नव्या वाटा आणि त्यासोबत ३६ मैल अनधिकृत चोरवाटा बंद करणं, असा सौदा होता. हा सौदा मला दिशेने बरोबर वाटतो, पण क्रमाबद्दल शंका आहे. चोरवाटा आधी बंद व्हाव्यात, त्या खरोखर मुजल्यात हे तपासलं जावं, आणि मगच नव्या वाटेची कुदळ पडावी. उलट क्रमाने गेलं तर नव्या वाटेवर फोटो काढून उद्घाटन होतं आणि चोरवाट बुजवायला निधी उरत नाही.

वाटा एकट्या दोषी नाहीत

वेलच्या एल्कवर पहिला घाला सायकलने घातलेला नाही. महामार्ग, दोन रिसॉर्टं, उतारांवर चढत गेलेली घरं यांनी हिवाळी चराईचा मोठा भाग आधीच गिळला. १९९८ मध्ये वेलच्या स्की क्षेत्राच्या विस्ताराविरुद्ध, लिंक्स या रानमांजराच्या अधिवासाच्या नावाने, एका अतिरेकी गटाने डोंगरावरचं टू एल्क लॉज जाळलं. कोट्यवधींचं नुकसान झालं आणि साधलं काहीच नाही: विस्तार ठरल्याप्रमाणे २००० मध्ये खुला झाला. उलट पूर्व वेलमध्ये बूथ हाइट्स इथे कर्मचाऱ्यांसाठी घरं बांधायचा प्रस्ताव आला, तेव्हा तिथल्या रानमेंढ्यांच्या हिवाळी जागेसाठी गावाने बैठकांतून आणि मतांतून भांडण केलं, आणि २०२२ मध्ये ती जमीन संपादित करायचा ठराव नगर परिषदेने केला. घरं नको असं कुणी म्हणत नव्हतं. वेलमध्ये कामगारांना राहायला जागा नाही, ही खरी अडचण आहे. पण तीच जागा नको, एवढं गाव ठरवू शकलं.

सायकलवाले म्हणतात की दहा कोटींच्या बंगल्यांना कुणी अडवत नाही आणि आमच्या हातभर वाटेवर मात्र सुनावण्या होतात. या तक्रारीत तथ्य आहे. फरक इतकाच की बंगला पाडता येत नाही, महामार्ग हलवता येत नाही. वाट मात्र साडेनऊ आठवडे बंद ठेवता येते, वळवता येते, गरज पडली तर मुजवताही येते. बदलता येण्याजोगी गोष्ट हीच हाताशी आहे, म्हणून ओझं तिच्यावर येतं. ते अन्यायाचं वाटलं तरी २००५च्या निष्कर्षांमुळे मला ते घेण्याजोगं वाटतं, कारण त्याचा उपयोग होतो हे दिसलेलं आहे.

उद्या वेलच्या त्या मधल्या पट्ट्यात नव्या वाटेचा प्रस्ताव आला, तर मी त्याला सरसकट नाही म्हणणार नाही. अट घालेन. कुदळ पडण्याआधी निदान दोन वर्षं त्या उतारावर कॅमेरे लावून कोण कधी येतं ते नोंदलं जावं. विणीच्या आणि हिवाळी चराईच्या जागा नकाशावर आधी कापून काढाव्यात आणि उरलेल्या जागेत वाट बसते का ते पाहावं. वाट आधी आखून मग जनावरांसाठी फट शोधण्याची सवय मोडायला हवी. वाट गजबजलेल्या जागेला चिकटलेली असावी. फाटक, फलक आणि फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा खर्च वाटेच्या मूळ अंदाजपत्रकात, पहिल्या दिवसापासून असावा. सूर्यास्तानंतर वाट बंद, बारा महिने. आणि पाच वर्षांनी पाडसांचं प्रमाण घसरलेलं दिसलं तर वाट वळवायची की मुजवायची, हे कुणी ठरवायचं, तेही परवानगीच्या कागदावर नावानिशी लिहिलेलं असावं. आजवरच्या बहुतेक परवानग्यांत ही शेवटची ओळ नसते, आणि वाट एकदा लोकांच्या पायाखालची झाली की ती नंतर घालणं कुणालाच जमत नाही.